उत्तर हातात, प्रश्न ओठांवर

‘हातात असूनही तोंडाशी नेता येत नाही, तिथे गाडी खालीही थांबते आणि वरही.’ उत्तर : कोपर. डोंबिवलीशेजारच्या या स्थानकात कल्याणची लोकल खालच्या फलाटावर येते, तर वसई-दिवा मार्गावरची गाडी वरच्या. अवयव आणि स्थानक एकाच शब्दात भेटले, म्हणून कोडे जमले. ते नागपूरकराला घालणे मात्र अन्यायाचे!

कोडे रचताना उत्तर आधी ठरते, प्रश्न मागाहून येतो. समईची वात घ्या. ‘पांढरी, मऊ, लांबट’ एवढ्याने ती ओळखू येत नाही, शेवईही तशीच. ‘तेल पिते, तरी झिजते’ म्हटले की मन अडते, कारण पिणाऱ्याने पुष्ट व्हावे अशी आपली अपेक्षा. त्याला ‘डोके जळते, तेव्हा घर दिसते’ ही जोड दिली की दुसरे उत्तर उरत नाही. प्रत्येक खूण खरी असावी आणि तरीही चकवणारी, हीच यातली कठीण गोष्ट. आहणा, हुमाण, उखाणा ही या प्रकाराची जुनी नावे. उखाणा पुढे नाव घेण्यापुरता उरला. मुक्ताबाईंचे कूट अभंग आणि एकनाथांची कोडी पाहिली, तर हा केवळ मुलांचा खेळ नव्हता हे ध्यानी येते.

ज्येष्ठांना कोडी सोडवायला सुचवले जाते. विस्मरण जडलेल्या व्यक्तीला मात्र प्रत्येक कोडे परीक्षेसारखे वाटू शकते. ‘आठवत नाही का?’ हे दिवसभर ऐकणाऱ्याला पुन्हा तेच का ऐकवावे? अशा वेळी बाजू बदलावी. जुनी फुंकणी आजींच्या हाती द्यावी आणि म्हणावे, ‘नाव न सांगता नातवाला हिची ओळख करून द्या.’ उत्तर हातातच असते. ते आठवावे लागत नाही. ‘पोकळ अंग, उसना श्वास, हिच्यावाचून चूल रुसते’ असे काहीसे निघाले, तर ते ठळक अक्षरांत, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. सुधारणा करू नयेत. नातवाने चूल पाहिलेली नसेल, तर तो विचारीलच, आणि गप्पांना तेथून वाट फुटते.

कोडी हा विस्मरणावरचा उपचार नव्हे. विसरण्यामुळे रोजचे व्यवहार अडू लागल्यास डॉक्टरांना दाखवावे. खेळही थकवा येण्याआधीच थांबवावा.

नातवालाही रचू द्यावे. ‘आयुष्य काही मिनिटांचे, आणि कुणालाही सांगायचे नाही’ : ओटीपी. हे कोडे आजी-आजोबांच्या दूरध्वनीशेजारी चिकटवून ठेवण्याजोगे आहे.