चार सैन्यांचे व्हिएन्ना पुन्हा एक कसे झाले?

कट्टा (ता. मालवण) : येथील सेवांगणाला ज्यांचे नाव आहे, ते बॅ. नाथ पै वेंगुर्ल्याचे. १९५७ पासून सलग तीन वेळा ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्याआधी बॅरिस्टरीच्या शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले, पुढे आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघाचे अध्यक्ष झाले आणि ऑस्ट्रियाचे जावईही. ते युरोपात होते त्या काळात या सासुरवाडीच्या देशाची राजधानी चार परकीय सैन्यांत वाटलेली होती. व्हिएन्नाच्या विभागणीचा हा इतिहास बर्लिनच्या तुलनेत आपल्याकडे फारसा परिचित नाही.

एप्रिल १९४५ मध्ये सोव्हिएत फौजांनी व्हिएन्ना जिंकले. जुलैमधील करारानुसार शहराचे जिल्हे रशिया, अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांच्यात वाटले गेले. मध्यवर्ती पहिला जिल्हा मात्र चौघांचा सामाईक राहिला. त्याचे प्रमुखपद दर महिन्याला एका राष्ट्राकडून दुसऱ्याकडे जाई. चारही देशांचे शिपाई एकाच जीपमधून गस्त घालीत. बर्लिनप्रमाणेच व्हिएन्नाही सोव्हिएत ताब्यातील प्रदेशाने वेढलेले होते.

मग येथे भिंत का उभी राहिली नाही? याचे मुख्य कारण म्हणजे ऑस्ट्रियात कार्ल रेनर यांच्या नेतृत्वाखाली प्रारंभापासून एकच सरकार होते व चारही सत्तांनी त्याला मान्यता दिली. जर्मनीत १९४९ मध्ये दोन स्वतंत्र राज्ये निर्माण झाली. ऑस्ट्रियात तसे घडले नाही. प्रदीर्घ वाटाघाटींनंतर १५ मे १९५५ रोजी बेल्व्हेडेर राजवाड्यात राज्यकरारावर स्वाक्षऱ्या झाल्या. परकीय फौजा परतल्या आणि २६ ऑक्टोबर रोजी ऑस्ट्रियाच्या संसदेने कायमस्वरूपी तटस्थतेचा कायदा केला. बर्लिनमध्ये मात्र १३ ऑगस्ट १९६१ रोजी विभागणी तारा-भिंतींनी पक्की झाली. ती ९ नोव्हेंबर १९८९ पर्यंत टिकली.

व्हिएन्नात नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्यांना या दहा वर्षांच्या खुणा आजही शोधता येतात. श्वार्त्सेनबर्ग चौकात १९४५ मध्ये उभारलेले सोव्हिएत सैनिकांचे स्मारक आहे. डॅन्यूबवरील राइश पूल १९४६ ते १९५६ या काळात 'लाल सेनेचा पूल' म्हणून ओळखला जाई, तर शोनब्रुन राजवाड्यात ब्रिटिशांचे मुख्यालय होते. प्राटर उद्यानातील प्रसिद्ध चक्राकार पाळणा सोव्हिएत विभागात येत असे. नकाशावर जिल्ह्यांचे क्रमांक पाहून फिरल्यास कोणता रस्ता कोणाच्या ताब्यात होता, हे उमगते.

रेषा माणसांच्या संमतीविना आखली जाते, ती पुसण्यास मात्र सर्वांची संमती लागते, हा व्हिएन्नाचा धडा. नाथ पै यांच्याही सार्वजनिक जीवनात अशी एक रेषा होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तेथील मराठी भाषकांचा प्रश्न त्यांनी लोकशाही मार्गाने लावून धरला. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावातच त्यांचे निधन झाले. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेला हा वाद अद्याप मिटलेला नाही. व्हिएन्नाचा प्रश्न दहा वर्षांत वाटाघाटींच्या मेजावर सुटला. कोकणच्या या नेत्याने त्याच मार्गावर विश्वास ठेवला होता.