बंदूक राखणीची, शिकारीची नव्हे

कर्जत-खालापूरच्या डोंगरकडेला भात दाण्यावर आलं की रानडुकरं उतरतात. पुढं वालाचे कोवळे शेंडे भेकरं खुडतात. माळ्यावर राखणीला बसलेल्याला मग बंदूक आठवते. "पिस्तूलच घेऊ, हलकं पडेल," असंही कुणीतरी म्हणतं. पण १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचं. तिचा बार काढून जनावर हुसकावायचं, एवढंच. भेकर-सांबर तर सोडाच, परवानगीवाचून डुक्कर मारलं तरी १९७२चा वन्यजीव कायदा आडवा येतो. बंदूक जप्त, वर कोर्टाच्या खेपा! नुकसानभरपाई सरकार देतं, पण पंचनामा झाला तरच. नासाडी दिसली की त्याच दिवशी वनखात्याकडे अर्ज द्या, सातबारा जोडा आणि पंचनाम्याआधी शेत आवरू नका.