हुतात्म्यांची नोंद कशी होते

जुन्नर तालुक्यातील येडगाव येथे कुकडी नदीवर जे धरण बांधलेले आहे, त्याच्या जलाशयात केवळ कुकडीचेच पाणी साठते असे नाही. दक्षिणेकडे आंबेगाव तालुक्यात घोड नदी डिंभे येथे अडविलेली आहे, आणि तेथून निघालेला डावा कालवा डोंगरपायथ्याने वळसे घेत येडगावच्या जलाशयास येऊन मिळतो. डिंभ्याच्या जलाशयास ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ असे नाव दिलेले आहे. बाबू गेनू सैद हा त्याच तालुक्यातील महाळुंगे पडवळ गावचा. तेव्हा येडगावहून खालच्या शेतांस जे पाणी जाते, त्यातील काही अंशावर मुंबईच्या एका गिरणी कामगाराचे नाव आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

राजकीय झुंजीत मारल्या गेलेल्या मनुष्याचे नाव असे टिकून राहणे, ही वाटते तितकी सहज घडणारी गोष्ट नव्हे. मरणाऱ्यांपैकी पुष्कळांची नावे मागे राहतच नाहीत. राहतो तो आकडा, आणि तोही वादाचा. नाव राहावयाचे तर ते कोणीतरी वेळीच लिहून घ्यावे लागते, ते खरे आहे हे कशावरून तरी पडताळावे लागते, आणि लिहिलेला कागद कोठेतरी सुरक्षित राहावा लागतो. या तिन्ही गोष्टी एकत्र येणे हा बहुधा योगायोगच असतो.

बाबू गेनूच्या बाबतीत तो योग जुळून आला. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाची लॉरी अडविताना तो तिच्याखाली चिरडला गेला. वय अवघे बावीस. ही घटना ऐन बाजारात, भर दिवसा, शेकडो लोकांच्या देखत घडली. तो काँग्रेसचा स्वयंसेवक होता, म्हणजे त्याला ओळखणारे सहकारी तेथेच उभे होते. वृत्तपत्रांच्या कचेऱ्या हाकेच्या अंतरावर, इस्पितळही जवळच. लोकांत रूढ झालेली हकीकत अशी की, हिंदी चालकाने गाडी पुढे नेण्याचे नाकारले, तेव्हा एका गोऱ्या सार्जंटाने चाक हाती घेतले. सरकारपक्षाची भाषा मात्र अपघाताची होती. एकच प्रेत, एकच लॉरी. परंतु ‘अपघात’ हा शब्द लिहिला की मरणारा केवळ दुर्दैवी ठरतो, आणि ‘हत्या’ हा शब्द लिहिला की कोणीतरी त्याबद्दल जबाबदार ठरतो. मृताची नोंद करणे म्हणजे नुसते नाव उतरवून घेणे नव्हे, ते येथे स्पष्ट दिसते.

मुंबई शहरात त्या काळी आणखी एक सोय होती. १८७१ च्या कायद्यान्वये तेथे कॉरोनर नावाचा अधिकारी असे. संशयास्पद मृत्यूची तो उघड चौकशी करी, आणि पंचांसमोर साक्षी होत. या चौकशीचा निर्णय लोकांस पटो वा न पटो, मृताचे नाव, वय, राहण्याचे ठिकाण व जखमांचे वर्णन एवढे तरी कागदावर येई. खेड्यात तसे काही नव्हते. तेथे पोलीस पाटलाने वर्दी द्यावयाची आणि फौजदाराने पंचनामा करावयाचा. म्हणजे ज्यांच्या गोळीने माणूस मेला त्यांच्याच खात्याने तो कसा मेला हे लिहावयाचे. त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी उरणजवळ चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. तेथील आठ हुतात्म्यांची नावे आज स्मारकावर आहेत. परंतु त्या दिवशी मामलेदार जोशी व आणखी काही सरकारी नोकरही मृत्युमुखी पडले. त्यांची नावे कोणत्या यादीत घालावयाची? हुतात्म्यांच्या यादीत ती बसत नाहीत; पण त्या दिवशी मेलेल्यांच्या यादीतून ती गाळली, तर ती यादी खरी राहत नाही.

यादी करणारास पहिली अडचण येते ती भीतीची. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार झाला, आणि मृतांविषयी माहिती असणारांनी ती कळवावी असे सरकारने जाहीर केले ते थेट ऑगस्टमध्ये, चार महिन्यांनी. माहिती कळवावयाची म्हणजे आपल्या घरचा मनुष्य बंदी असलेल्या सभेस गेला होता, हे स्वतःच्या तोंडाने कबूल करावयाचे. लष्करी कायद्याची दहशत ताजी असता असे कबूल करण्यास कोण धजणार? सेवा समितीच्या लोकांनी विचारणा करून नावे मिळविली. पुढे हंटर समितीने ३७९ हा आकडा स्वीकारला. काँग्रेसच्या मते तो हजाराच्या घरात होता. काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत गांधी, चित्तरंजन दास व अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकरही होते. या समितीने सतराशेहून अधिक साक्षी तपासल्या आणि त्यांतल्या सुमारे साडेसहाशे छापल्या. सगळ्याच छापल्या नाहीत, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. जी साक्ष उलटतपासणीत टिकणार नाही ती पुढे करावयाची नाही, हा वकिली सावधपणा त्यात होता, आणि त्यामुळेच तो अहवाल आजही आधारास घेता येतो.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सुटला, असे मात्र म्हणता येत नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला व पंधरा माणसे मेली. पुढे जानेवारी १९५६ मध्ये, मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील अशी घोषणा झाल्यावर, त्याहून कितीतरी अधिक माणसे मेली. न्यायालयीन चौकशीची मागणी झाली; ती मान्य झाली नाही. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ साली मंत्रिपद सोडले, त्या वेळच्या त्यांच्या तक्रारींत ही एक होती. चौकशी झाली असती तर प्रत्येक मृत्यूची वेळ, जागा व कारण शपथेवर नोंदले गेले असते. ती न झाल्यामुळे यादी जुळविण्याचे काम चळवळीतील लोकांवर आणि वृत्तपत्रांवर पडले. आज कोणी हुतात्मे १०५ म्हणतो, कोणी १०६, कोणी १०७. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासातील एवढा मोठा प्रसंग, आणि मृतांचा आकडा एकमुखाने सांगता येऊ नये, ही गोष्ट काही भूषणावह नाही.

या फरकाचे एक कारण अगदी साधे आहे. चाळीत राहणारा कामगार मुंबईच्या इस्पितळात एका नावाने दाखल होतो, आणि गावी त्याला निराळ्याच नावाने ओळखतात. इस्पितळाच्या वहीत वय अंदाजाने लिहिलेले, आडनाव ऐकून लिहिलेले. जखमी झालेला मनुष्य तीन आठवड्यांनी गावी जाऊन मेला, तर त्याची गणना शहरात होत नाही आणि गावाला त्याचे कारण ठाऊक नसते. या दोन टोकांची गाठ घालणे हेच नोंद करणाराचे खरे काम होय. १९६९ ते १९७३ या काळात केंद्र सरकारने पी. एन. चोप्रा यांच्या संपादकत्वाखाली हुतात्म्यांचा जो तीन खंडांचा कोश काढला, त्यात म्हणूनच नावाबरोबर बापाचे नाव, गाव व मरणाचा प्रकार देण्याची पद्धत ठेविली आहे.

या कामाची अधिक शिस्तशीर योजना पाहावयाची तर दक्षिण आफ्रिकेकडे वळावे लागते. तेथे वर्णभेदाची राजवट संपल्यावर १९९५ च्या कायद्याने सत्य व समेट आयोग नेमण्यात आला. आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष. १ मार्च १९६० पासून १० मे १९९४ पर्यंतचा काळ कायद्याने आखून दिला. ठार मारणे, पळविणे, छळ करणे व अमानुष वागणूक देणे, असे चार प्रकारचे अत्याचार ठरविले. आयोगाची माणसे छापील नमुने घेऊन खेड्यापाड्यांत व वस्त्यांत गेली आणि त्यांनी एकवीस हजारांहून अधिक जबान्या उतरून घेतल्या. प्रत्येक जबानी पोलीस दप्तर, इस्पितळ व न्यायालय यांच्या कागदांशी ताडून पाहावयाची, मगच निर्णय द्यावयाचा, अशी रीत होती. अत्याचार करणारा सरकारी शिपाई असो की मुक्तिसंग्रामातील सैनिक, बळी पडलेल्याचे नाव नोंदले जाई. चिरनेरच्या मामलेदाराचा प्रश्न तेथे अशा रीतीने सुटला असता. आयोगाच्या अहवालाचा सातवा खंड म्हणजे या नावांचीच वही आहे. नावापुढे दोनचार ओळींत काय घडले ते दिलेले.

तरीही ती वही अपुरीच राहिली. जबानी देण्यास मुदत होती, आणि मुदतीत जे आले नाहीत ते यादीबाहेर राहिले. नुकसानभरपाई म्हणून प्रत्येकी तीस हजार रँड पुढे मिळाले ते यादीतल्यांनाच. याविषयीची नाराजी तेथे अनेक वर्षे धुमसत राहिली. २१ मार्च १९६० च्या शार्पव्हिलच्या गोळीबारात ६९ माणसे मेली, असे जगभर छापले जात आले. अलीकडे संशोधकांनी जुनी दप्तरे उलगडून हा आकडा निदान ९१ असल्याचे दाखविले आहे.

आपल्याकडेही नोंदीवर पोटापाण्याचे पुष्कळ अवलंबून राहिले. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांसाठी जी निवृत्तिवेतनाची योजना निघाली, तीत हुतात्म्यांच्या कुटुंबांसही जागा होती. मात्र पुरावा हवा. पती गोळीबारात मेला हे गावास ठाऊक असणे आणि तसा दाखला कचेरीत दाखविता येणे, या दोहोंत केवढे अंतर आहे, ते असा अर्ज घेऊन तालुक्याच्या ठिकाणी खेटे घालणारासच कळे.

आता पुन्हा जुन्नरकडे. येडगावहून पश्चिमेस शिवनेरीचा डोंगर आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास मोगली जमीनमोजणी व सारा यांविरुद्ध या मुलखातील महादेव कोळ्यांनी बंड केले. त्यांचा पुढारी खेमी सरनाईक होता. बंड मोडले, धरलेल्या कोळ्यांची जुन्नरास मुंडकी उडविली आणि त्यांवर चौथरा बांधला, अशी हकीकत कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने १८३६ साली लिहून प्रसिद्ध केली. म्हणजे घटनेनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी. तेव्हा जे हाती लागले ते एवढेच: पुढाऱ्याचे नाव, ‘काळा चबुतरा’ हे जागेचे नाव, आणि पुष्कळ माणसे मारली गेली ही आठवण. माणसे कोणत्या गावांची होती, कोणाचा कोण होता, यातले काहीही कोठे लिहिलेले सापडत नाही.