सेवा-उद्योग आणि बौद्धिक भांडवल

सेवा-उद्योगाची वाढ मोजताना सामान्यतः त्यात गुंतलेल्या माणसांची संख्या मोजली जाते. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली, तेव्हापासून भारतीय संगणक-सेवांचा विस्तार बहुतांशी कुशल माणसांच्या श्रमाचे तास विकून होत आला आहे. परंतु कौशल्य व भांडवल ह्या दोन वस्तू भिन्न होत. कौशल्य माणसाबरोबर येते आणि त्याच्याबरोबर जाते. तो गेल्यावरही जे ज्ञान वापरण्याजोग्या स्वरूपात संस्थेपाशी उरते, ते बौद्धिक भांडवल होय.

भाषेच्या क्षेत्रात हा भेद विशेष स्पष्ट होतो. रुग्णांच्या तक्रारी दूरध्वनीवरून मराठीत नोंदवून घेणारी संगणकीय सेवा कल्पावी. 'मान' हा शब्द स्त्रीलिंगी असता अवयवाचा वाचक असतो व त्याचे सामान्यरूप 'माने-' होते. पुल्लिंगी असता तो सन्मानाचा वाचक, व सामान्यरूप 'माना-' होते. मराठी भाषकास हा भेद विचार न करता कळतो; यंत्रास तो उदाहरणांवरून शिकावा लागतो. निव्वळ छापील मजकुरावरूनही यंत्र पुष्कळ शिकते, हे खरे. तथापि ते बरोबर शिकले की नाही, हे ठरविण्यास तज्ज्ञांनी पारखलेली उदाहरणेच लागतात. शिवाय वऱ्हाडी, मालवणी आदी बोली छापील मजकुरात थोड्याच आढळतात. त्या बोलणाऱ्या रुग्णाचे म्हणणे चुकीचे नोंदले गेले, तर त्याचे परिणाम त्यालाच भोगावे लागतील.

ह्या भांडवलाचा पाया पूर्वीच घातला गेला आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली राष्ट्रीय मानक ठरली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मराठीचे शब्दजाल सिद्ध झाले. २०२२ साली केंद्र शासनाने 'भाषिणी' हा उपक्रम आरंभिला.

ह्यापुढील काम बरेचसे विद्यापीठीय विभागांचे आहे. बोलींवरील प्रबंधांसाठी जमविलेली सामग्री पुष्कळदा प्रबंधाबरोबरच कपाटात राहते. भाषकांची संमती घेऊन ध्वनिमुद्रणे, त्यांची लेखी प्रत व व्याकरणिक नोंदी एका ठरलेल्या पद्धतीने जतन केल्यास तीच सामग्री पुढील विद्यार्थ्यास व उद्योगासही उपयोगी पडेल. अशी नोंद करण्याची शिस्त विद्यार्थ्यास लावणे, हेच ह्या क्षेत्रातील मनुष्यबळ-विकासाचे पहिले पाऊल समजले पाहिजे.