माणशी तेरा ठिपके

2011च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या भरली 18,36,086. मी ज्या कॅमेऱ्यावर काम करतो त्याचा एक फोटो 6000 बाय 4000 ठिपक्यांचा, म्हणजे 2 कोटी 40 लाख ठिपक्यांचा असतो. जिंतूर ते पालम, सोनपेठ ते पूर्णा, नऊ तालुक्यांतल्या सगळ्यांना हा एकच फोटो वाटायचा ठरवला, तर माणशी तेरा ठिपके येतील आणि वर सव्वा लाखाहून जास्त उरतील.

हेच ठिपके एकट्याने बघायला घेतले, एकाला एक सेकंद, जेवण नाही की झोप नाही, तर जवळजवळ 278 दिवस लागतील. पोटात गर्भ राहिल्यापासून बाळ हातात येईपर्यंत जातो साधारण तेवढा हा काळ. आणि हा साधा, कुणी हात न लावलेला फोटो झाला. परभणीत स्टुडिओत गिऱ्हाईक येऊन म्हणतं, ‘मिक्सिंग करून द्या’, तेव्हा दोन वेगळ्या दिवसांचे, दोन वेगळ्या उजेडांतले असे ठिपके एका कागदावर आणायचे असतात.

बहुतेक वेळा त्यातला एक माणूस हयात नसतो. वडील वीस वर्षांपूर्वी गेलेले, आई आता सत्तरीची, दोघांचा एकत्र फोटो कधी काढलेलाच नाही. कुठल्या तरी जुन्या पासबुकावर वडिलांचा पासपोर्ट फोटो चिकटवलेला सापडतो. त्यावर निम्मा शिक्का उमटलेला असतो. मुलगा तो रुमालात गुंडाळून आणतो.

आता आतलं गणित बघू. प्रत्येक ठिपक्यात तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येक 0 ते 255 मधला. 256 ला 256 ने दोनदा गुणलं की 1,67,77,216 रंग होतात. म्हणजे एका फोटोत 7 कोटी 20 लाख आकडे. त्यांतले 4 कोटी 80 लाख कॅमेऱ्याने मोजलेलेच नसतात! कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची गाळणी असते: निम्म्यांवर हिरवी, पाव ठिपक्यांवर लाल, पाव ठिपक्यांवर निळी. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावे 1976 साली या रचनेचं पेटंट झालं आणि आजही बहुतेक कॅमेरे, मोबाइल तिच्यावरच चालतात. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरले जातात. आपण ज्याला ‘जसाच्या तसा’ फोटो म्हणतो, त्यातला रंगाचा दोन तृतीयांश हिशोब अदमासाचा आहे, हे मला कळलं त्या रात्री मी बराच वेळ मॉनिटरसमोर बसून होतो.

अशा 7 कोटी 20 लाख आकड्यांतून एकूण किती वेगवेगळे फोटो होऊ शकतात? ती संख्या 17 कोटी 33 लाखांहून जास्त अंकी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तला परार्ध 18 अंकी. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची अंदाजी संख्या 80 अंकांच्या आसपास. आपली संख्या नुसती लिहून काढायची, पानावर 3000 अंक आणि पुस्तकात 300 पानं धरून, तरी 193 पुस्तकं भरतील. लक्षात घ्या, हे फोटो नव्हेत, फोटोंची संख्या लिहायला लागणारा कागद आहे. आजवर जन्मलेल्या आणि पुढे जन्मणाऱ्या प्रत्येक माणसाचा प्रत्येक क्षणाचा फोटो त्या संख्येत बसतो. तरी तिचा जवळजवळ सगळा भाग म्हणजे जुन्या टीव्हीवर यायच्या तशा नुसत्या मुंग्या. चेहरा दिसेल असे फोटो त्यात इतके विरळ की शोधायला गेलं तर एकही हाती लागणार नाही. त्या ढिगातून आपल्याला हवा असतो एकच, आई आणि वडील शेजारी बसलेत असा.

नवखा माणूस मिक्सिंगमध्ये आधी रंगाच्या मागे लागतो. वडिलांचा चेहरा आईच्या फोटोतल्या उजेडाइतका तांबूस केला, मागचा पडदा एक केला, की झालं असं त्याला वाटतं. मीही पहिली दोन वर्षं तसंच केलं. रंग जुळायचा, पण माणूस चिकटवलेलाच दिसायचा. कारण डोळ्याची घडण. आपल्या एका डोळ्यात उजेड-अंधार टिपणाऱ्या सुमारे 12 कोटी पेशी आणि रंग ओळखणाऱ्या साठेक लाख. मेंदूकडे जाणाऱ्या तारा मात्र दहा-बारा लाख. एवढ्या अरुंद वाटेने जाताना बारीक रंगभेद मागे राहतात, बारीक उजेडभेद पुढे जातात. 1992 साली ठरलेली जेपेग पद्धत डोळ्याच्या याच स्वभावावर उभी आहे. उजेडाचे सगळे ठिपके ती ठेवते, रंगाचे मात्र बऱ्याचदा चारांतला एकच, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून रंग थोडा चुकला तर डोळा माफ करतो. एका गालावर कातडीची रंध्रं दिसतायत आणि शेजारचा गाल लोण्यासारखा गुळगुळीत आहे, हे तो माफ करत नाही.

म्हणून पोत आणि रंग आधी वेगळे करावे लागतात. फोटोशॉपमध्ये थर, म्हणजे लेयर, आले 1994 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी एकदा चिकटवलं की चिकटलं. आता एकाच चेहऱ्याचे दोन लेयर करता येतात. खालचा धूसर, त्यात फक्त रंग आणि सावल्या. वरचा करडा, त्यात फक्त रंध्रं, सुरकुत्या, केस. समजा गालावरच्या एका ठिपक्याचा आकडा 182 आहे आणि धूसर केल्यावर तिथे 190 येतो. फरक उणे 8. त्याचा निम्मा, उणे 4, मधल्या 128 मध्ये मिळवला की वरच्या लेयरवर 124 लिहिला जातो. दोन्ही लेयर पुन्हा जोडताना तो फरक दुप्पट होतो आणि 182 परत मिळतो. फरक उणे 7 असता तर निम्मा साडेतीन झाला असता, आणि 256 पायऱ्यांत अर्ध्याला जागा नाही. अशी अर्धी पायरी लाखो ठिपक्यांत हरवली की कातडी खडबडीत दिसते. म्हणून मी जुने फोटो 16 बिटवर उघडतो. तिथे फोटोशॉप 32,769 पायऱ्या वापरतं, नेहमीच्या 128 पट.

आणि हे नुसतं धूसर करणं केवढ्याला पडतं? प्रत्येक ठिपक्यासाठी चारही बाजूंचे चोवीस-चोवीस शेजारी धरले, तर 49 बाय 49 चा चौकोन होतो, म्हणजे 2401 गुणाकार. तीन रंग आणि अडीच कोटींच्या जवळचे ठिपके मिळून 17,287 कोटी गुणाकार. अख्ख्या परभणी जिल्ह्याने, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाने, सेकंदाला एक गुणाकार न थांबता करायचा म्हटलं तर 26 तास लागतील. पण गणितात एक सुंदर वाट आहे. आधी फक्त आडवं धूसर करायचं, मग तेच उभं. उत्तर तेच येतं आणि 2401 च्या जागी 98 गुणाकार पुरतात. जिल्ह्याचं काम 26 तासांवरून 64 मिनिटांवर येतं. टेबलाखालचं यंत्र हे सगळं मी चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवीपर्यंत उरकतं.

रंगाचे थर वेगळे करायची बुद्धी मात्र संगणकाची नाही. 1894 साली मुंबईत निघालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला राजा रविवर्मांचा छापखाना शिळाछापाचा होता. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. दगड वाळू-पाण्याने घासायचा, त्याला दाणा आणायचा, आणि त्या दाण्यावर बारीक ठिपक्यांनी सावली भरायची. पोत दगडाचा, रंग शाईचा. एक दगड केसभर सरकला तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर जायचा. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी काम केलं होतं. आपल्या कितीतरी घरांत देवघराच्या भिंतीवर जी लक्ष्मी, जी सरस्वती होती, ती अशा थरांची होती.

लग्नाच्या अल्बमचा हिशोब सांगून टाकतो, कारण पोट त्यावर आहे. 12 बाय 36 इंचांची एक शीट इंचाला 300 ठिपक्यांच्या हिशोबाने 3 कोटी 88 लाख ठिपक्यांची. 40 शीटचा अल्बम 155 कोटींच्या वर. 2011 साली देश 121 कोटींचा होता.

पण मला आठवतो तो एकच जोडफोटो. पासबुकावरचा चेहरा इंचाला 600 ठिपक्यांवर स्कॅन केला तेव्हा पूर्ण फोटो 827 बाय 1063 चा आला, जेमतेम पावणेनऊ लाख ठिपके. चेहरा 450 ठिपके रुंद. आईच्या नव्या फोटोत तो 1000 रुंद हवा होता, म्हणजे एका ठिपक्याचे जवळपास पाच करायचे, पाचांतले चार अंदाजाचे. मोठं केल्यावर कातडी दिसेना, कागदाचा दाणाच दिसायला लागला. धूसर लेयरमध्ये नाक, कपाळ, डोळ्यांखालची सावली सगळं शाबूत होतं. पोत मात्र कुठून तरी आणायला हवा होता. परक्या माणसाची कातडी वडिलांच्या चेहऱ्यावर लावायला माझं मन धजत नाही. समोर मुलगा बसला होता, तीच हनुवटी, तेच गाल. त्याला खिडकीजवळ उभं केलं, आईवर पडला होता त्याच बाजूचा उजेड घेतला, फोटो काढला आणि त्याच्या गालाचा पोत बापाच्या चेहऱ्यावर अंथरला.

संध्याकाळी आजी, म्हणजे त्या मुलाची आई, बघायला आल्या. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिल्या, मग बोट काचेपासून जरा लांब धरून म्हणाल्या, ‘‘लेकरा, ह्यांची दाढी वाढलेली दिसायली की. फोटोला जायचं म्हणलं की ते आधी हजामत करायचे.’’

मुलाने दोन दिवस दाढी केली नव्हती. एकेक खुंट दोन-तीन ठिपक्यांचा, आजूबाजूच्या कातडीपेक्षा फरक 255 पैकी सहा-सातचा. मला तो दिसला नव्हता. हनुवटीवर आणि गालाच्या खालच्या भागावर तेवढाच भाग निवडणारा मास्क घातला, तिथला पोताचा लेयर शंभरावरून पस्तीस टक्क्यांवर आणला आणि मॉनिटर त्यांच्याकडे फिरवला. ‘‘हां,’’ त्या म्हणाल्या, आणि मुलाला म्हणाल्या, ‘‘आता काढ म्हणावं.’’