चल वेगमर्यादा आणि महामार्गावरील कामाचा टापू

महामार्गावर दुरुस्तीचे काम सुरू झाले की त्या रस्त्याचा स्वभावच पालटतो. एरवी दोन मार्गिकांतून सरळ धावणारी वाहतूक एका मार्गिकेत शिरू पाहते, कडेची मोकळी पट्टी नाहीशी होते, आणि ताशी शंभर किलोमीटर वेगाच्या सवयीने येणाऱ्या वाहनापासून अवघ्या काही हातांवर माणसे डांबर पसरीत, खोदीत किंवा मोजमापे घेत उभी असतात. त्या माणसांत आणि धावत्या वाहनांत बहुधा शंकूंची एक रांग एवढाच आडपडदा असतो. शंकू वाहन अडवू शकत नाही. तो केवळ सांगू शकतो. कामाच्या टापूतील सुरक्षितता ही अशा रीतीने पुष्कळ अंशी सांगण्यावर आणि सांगितलेले मानले जाण्यावर अवलंबून असते. या सांगण्यात सर्वांत महत्त्वाचे वाक्य म्हणजे वेगमर्यादेच्या फलकावरील आकडा. हा आकडा कायम एकच असावा की परिस्थितीनुसार बदलावा, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

पत्र्यावर रंगविलेला, काम संपेपर्यंत न बदलणारा आकडा ही स्थिर वेगमर्यादा होय. याउलट, रस्त्यातील किंवा रस्त्याकडेच्या संवेदकांनी वाहनांची संख्या व वेग मोजावा, त्यांवरून नियंत्रकाने योग्य तो वेग ठरवावा आणि विजेच्या फलकावर तो आकडा दाखवावा, या व्यवस्थेला चल वेगमर्यादा असे म्हणता येईल. ही कल्पना अगदी नवी नाही. जर्मनीत म्यूनिक ते साल्झबर्ग या ए-८ महामार्गाच्या सुमारे तीस किलोमीटरांच्या भागावर इ. स. १९६५ मध्ये असे फलक प्रयोगादाखल उभारण्यात आले. त्यांवर ६०, ८० व १०० हे आकडे यांत्रिक युक्तीने बदलता येत. वाहतुकीवर लक्ष ठेवून ते बदलण्याचे काम मात्र माणसे करीत. इंग्लंडमध्ये लंडनभोवतीच्या एम-२५ या वर्तुळाकार महामार्गाच्या एका भागावर १९९५ मध्ये चल वेगमर्यादा लागू झाली. कामाच्या टापूंसाठी या पद्धतीचा स्वतंत्र उपयोग करण्याचे प्रयत्न त्यानंतरचे आहेत.

या पद्धतीची गरज समजण्यासाठी प्रथम कामाच्या टापूची रचना ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेतील वाहतूक-चिन्हांच्या नियमपुस्तकात या टापूचे चार भाग कल्पिले आहेत : चालकाला पूर्वसूचना मिळते तो भाग, मार्गिका निमुळती होत जाते तो संक्रमणाचा भाग, प्रत्यक्ष कामाचा भाग आणि वाहतूक पूर्ववत होते तो समाप्तीचा भाग. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेतही अशाच प्रकारची विभागणी आढळते. सर्वसाधारण समजूत अशी असते की धोका काय तो तिसऱ्या भागात, जेथे कामगार आहेत तेथे. वस्तुतः कामामुळे तुंबलेल्या वाहनांच्या रांगेचे शेपूट हे तितकेच धोक्याचे ठिकाण आहे. आणि ते शेपूट कोणत्या भागात असेल हे कोणत्याही नकाशात दाखविता येत नाही.

याचे कारण वाहतुकीच्या गतिशास्त्रात आहे. लाइटहिल व व्हिटम या दोघा ब्रिटिश गणितज्ञांनी १९५५ मध्ये गर्दीच्या रस्त्यावरील वाहतुकीची तुलना प्रवाहाशी करून तिच्यातील तरंगांची उपपत्ती मांडली. तिचे सार एका कल्पित उदाहरणाने सांगता येईल. दोन मार्गिकांच्या रस्त्यावरून तासाला ३००० वाहने ताशी १०० किलोमीटर वेगाने येत आहेत असे समजा. म्हणजे दर किलोमीटरात ३० वाहने असतील. पुढे एक मार्गिका बंद असल्याने तासाला १५०० वाहनेच पार होतात आणि मागे साचलेल्या रांगेत दर किलोमीटरात १०० वाहने दाटली आहेत. प्रवाहांतील फरकाला घनतांतील फरकाने भागले असता रांगेचे शेपूट मागे सरकण्याचा वेग मिळतो : १५०० भागिले ७०, म्हणजे ताशी सुमारे २१ किलोमीटर. पूर्वसूचनेचा फलक दोन किलोमीटर अलीकडे लावलेला असला, तरी सहा मिनिटांच्या आतच शेपूट त्याला गाठून मागे टाकते. त्यानंतर येणाऱ्या चालकाला आधी थांबलेली वाहने दिसतात आणि मग सूचना दिसते. लावला तेव्हा जो फलक योग्य जागी होता तो जागचा न हलताच अस्थानी जातो.

अशा चालकापाशी अंतर किती असावे लागते हेही पाहण्यासारखे आहे. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबीपर्यंत अडीच सेकंद जातात आणि नंतर वाहनाचा वेग दर सेकंदाला सेकंदी ३.४ मीटरने घटतो, ही रस्त्यांच्या आखणीत वापरली जाणारी गृहीते घेतली, तर ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाहनाला थांबण्यास सुमारे १८३ मीटर लागतात. ८० च्या वेगाला सुमारे १२८, तर ६० च्या वेगाला सुमारे ८३ मीटर पुरतात. वेग निम्म्याच्या थोडा वरच राहिला तरी अंतर निम्म्याहून खाली येते, कारण प्रत्यक्ष ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वळणापलीकडे किंवा चढावाच्या माथ्यापलीकडे रांग उभी असेल, तर या शंभर मीटरांच्या फरकातच अपघात होणे न होणे ठरते.

चल वेगमर्यादा येथे दोन प्रकारे साहाय्य करते. पहिला प्रकार उघड आहे. शेपूट जसजसे मागे सरकेल तसतसे त्याच्याही मागचे फलक ८० व ६० असे क्रमाने उतरत जातात, आणि चालक रांगेशी येऊन भिडतो तो आधीच सावकाश झालेला असतो. दुसरा प्रकार थोडा सूक्ष्म आहे. वरील उदाहरणात रांगेमागच्या वाहनांचा वेग ६० वर आणला, तर त्या भागात घनता ३० च असेपर्यंत शेपटाकडे तासाला ३००० ऐवजी १८०० वाहनेच पोहोचतात. त्या अवधीत शेपूट ताशी २१ ऐवजी सुमारे ४ किलोमीटर वेगानेच मागे सरते. अर्थात हा लाभ तात्पुरता आहे. मागून येणारी वाहने दाटली की तो संपतो, कारण फलकामुळे बंद मार्गिका काही उघडत नाही. तथापि मागणी थोड्या वेळापुरतीच वाढलेली असेल, तर मिळालेला हा वेळ मोलाचा ठरतो.

वेगांतील विषमता हीही अपघाताला पोषक मानली जाते. डेव्हिड सॉलोमन यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील ग्रामीण हमरस्त्यांच्या अभ्यासात असे दाखविले की सरासरीहून बरेच जलद आणि बरेच मंद या दोन्ही प्रकारच्या वाहनांचे अपघातांतील प्रमाण अधिक असते. या निष्कर्षावर पुढे आक्षेप आले. वळण्यासाठी मंदावलेली वाहनेही त्या गणनेत आली होती. आणि ॲडलेड येथील १९९७ च्या अभ्यासात, ताशी ६० किलोमीटर मर्यादेच्या शहरी रस्त्यांवर, मंद वाहनांना अधिक धोका असल्याचे दिसले नाही. उलट ६० च्या वर दर ५ किलोमीटरांमागे अपघाताचा धोका सुमारे दुप्पट होत गेला. म्हणून विषमता घटविणे याचा अर्थ सर्वांनी सारखेच जलद जावे असा घेता येत नाही. कामाच्या टापूत वेग सारखाही हवा आणि कमीही हवा.

येथवरचे विवेचन यंत्राचे झाले. परंतु फलक वाचणारा माणूस असतो, आणि म्हणून येथे अर्थाचा प्रश्न उपस्थित होतो. वाक्यार्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन अटी लागतात असे आपल्याकडील शास्त्रकारांनी सांगितले आहे. ‘विस्तवाने शिंपतो’ या वाक्यात योग्यता नाही, कारण विस्तवाच्या ठिकाणी शिंपण्याची पात्रता नाही. आणि एक पद सकाळी व दुसरे संध्याकाळी उच्चारले तर सन्निधी राहत नाही. या अटी पदांविषयीच्या आहेत. तरी त्यांचा थोडा विस्तार करून फलकाकडे पाहिले असता स्थिर मर्यादेचा दोष स्पष्ट दिसतो. मध्यरात्री कामगार घरी गेलेले, यंत्रे उभी आणि दोन्ही मार्गिका मोकळ्या असताना ‘४०’ असे बजावणाऱ्या फलकात योग्यता उरत नाही. रांग चार किलोमीटर मागे पोहोचली असता कामाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या फलकात सन्निधी उरत नाही. आणि एका पाठोपाठ एक असे निरर्थक फलक पाहून चालकाच्या मनात पुढे काय आहे ही आकांक्षाच उरत नाही.

न्यायशास्त्रात विश्वसनीय पुरुषाच्या वचनाला प्रमाण मानले आहे. फलकाचे प्रामाण्यही असेच अर्जित असते. रात्री ज्या फलकाने खोटे सांगितले तोच फलक सकाळी, कामगार रस्त्यावर उतरल्यावर, खरे सांगत असतो. पण चालकाला तो रात्रीचाच फलक वाटतो. त्या अविश्वासाची किंमत फलक लावणाऱ्याला किंवा चालकाला नव्हे, तर पाठमोरे काम करीत असलेल्या मजुराला द्यावी लागते. येथे एक सावधगिरी अवश्य आहे. कामगार नसले तरी रस्ता अरुंद असेल, खोदलेली कड उघडी असेल, तर कमी मर्यादा योग्यच असते. चल मर्यादेचे तत्त्व ‘माणसे नसताना मर्यादा उठवा’ असे नसून ‘जे कारण खरोखर उपस्थित आहे तेवढेच सांगा’ असे आहे.

दुसरा प्रश्न असा की हे सांगणे सल्ला आहे की आज्ञा. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या आपल्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत हे दाखविले की काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, तर उच्चारानेच एक कृती घडवितात. मात्र त्यासाठी बोलणाऱ्याला अधिकार असावा लागतो. वेगमर्यादेचा फलक हे याचे उत्तम उदाहरण होय. ब्रिटिश महामार्गांवर विजेच्या आकड्याभोवती लाल वलय असेल तर ती बंधनकारक मर्यादा असते. वलय नसेल तर तोच आकडा केवळ सल्ला ठरतो. भारतात १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११२ अन्वये वेगमर्यादा ठरविण्याचा अधिकार राज्य शासनाला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला आहे. त्यासाठी राजपत्रातील अधिसूचना आणि योग्य जागी फलक या दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक महिन्याहून अधिक काळ न टिकणाऱ्या निर्बंधाला अधिसूचनेची आवश्यकता नाही. दर काही मिनिटांनी बदलणारा आकडा या चौकटीत बसवायचा, तर तो बदलण्याचा अधिकार कोणाला व कोणत्या नियमाने, हे आधी निश्चित करावे लागेल. अधिकाराचा उगम संदिग्ध असलेली आज्ञा आज्ञाच राहत नाही.

प्रत्यक्ष प्रयोगांची साक्ष मर्यादित पण उद्बोधक आहे. मिशिगन राज्यात लॅन्सिंग शहराजवळ आय-९६ या महामार्गावरील सुमारे अठरा मैलांच्या कामाच्या टापूत २००२ साली हलविता येण्याजोग्या गाड्यांवर फलक बसवून चल मर्यादा अजमावण्यात आली. परिणाम अनुकूल पण लहान होते. मिनेसोटा राज्यात आय-४९४ वरील एका कामाच्या टापूत २००६ मध्ये तीन आठवडे चल वेगाचा सल्ला देण्यात आला. तेथे सकाळी ६ ते ८ या गर्दीच्या वेळेत टापूतील वेगांमधील कमाल फरक २५ ते ३५ टक्क्यांनी घटला, आणि ६ ते ७ या तासात टापूपलीकडे पार होणाऱ्या वाहनांच्या संख्येत सुमारे ७ टक्के वाढ झाली. त्याच प्रयोगात ७ ते ८ या तासात मात्र लक्षणीय वाढ दिसली नाही. यूटा राज्यात वॉनशिपजवळ आय-८० वर झालेल्या प्रयोगातही वेगांतील चढउतार घटल्याचे आढळले.

या प्रयोगांत मोजले गेले ते वेग, अपघात नव्हेत. काही आठवड्यांच्या अवधीत एका टापूत घडणारे अपघात इतके थोडे असतात की त्यांच्या संख्येवरून निष्कर्ष काढणे शास्त्रशुद्ध होणार नाही. वेग आणि अपघात यांचा संबंध अन्यत्र सिद्ध झालेला आहे, म्हणून वेगातील सुधारणा ही सुरक्षिततेची खूण मानली जाते. हे अनुमान रास्त आहे. पण ते अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे, याचे विस्मरण अभ्यासकाला होऊ नये.

पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. संवेदक विरळ असतील तर शेपूट त्यांच्या मधल्या अंतरात दडून राहते. आकडा एकदम १०० वरून ४० वर उतरला तर आज्ञाधारक चालक ब्रेक दाबतो, बेपर्वा चालक तसाच येतो आणि टाळावयाची विषमता फलकच निर्माण करतो. म्हणून पायऱ्या लहान असाव्या लागतात. आकडा फार वारंवार बदलला तर तो निष्कारण चंचल वाटतो. टापू संपला हे स्पष्ट सांगितले नाही तर पुढल्या टापूचे सांगणे दुबळे होते. आणि मर्यादा मोडणाऱ्याला काहीच होत नसेल, तर सर्वांत अचूक आकडाही शोभेपुरता राहतो.

चल वेगमर्यादा हा कामगारांच्या संरक्षणाचा एकमेव उपाय नव्हे. भक्कम कठडे, रात्रीचा पुरेसा प्रकाश, रुंद मोकळी पट्टी आणि शक्य तेथे वाहतूकच दुसरीकडे वळविणे, हे उपाय सांगण्यावर विसंबत नाहीत आणि म्हणून त्यांचे स्थान पहिले आहे. परंतु जेथे सांगणे अपरिहार्य आहे तेथे ते प्रसंगाला धरून, जागच्या जागी आणि खरे असले पाहिजे. फलकावरील आकडा बदलतो तो चालकाच्या सोयीसाठी नव्हे. रस्ता क्षणोक्षणी बदलत असताना त्या आकड्याचे वचन खरे राहावे आणि शंकूंच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला त्याचा आधार वाटावा, यासाठी तो बदलतो.