पुणे ते फलटण : अमेरिकी विद्यार्थ्यांच्या मराठी शिक्षणाचा मागोवा

अमेरिकी विद्यापीठांतून मराठी शिकण्यासाठी भारतात येणाऱ्यांचे मुख्य ठिकाण गेली सहा दशके पुणे हे आहे. त्याआधीही परके लोक मराठी शिकले होते. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला छापले गेले आणि मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला. त्या अभ्यासामागे धर्मप्रसाराची आणि कारभाराची गरज होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या विद्यार्थ्याला मात्र मराठी माणसांत राहून त्यांचे जग समजून घ्यायचे होते.

या बदलाची तयारी दोन्हीकडे झाली. रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1950 च्या दशकात भाषाविज्ञानाची उन्हाळी शिबिरे भरली आणि बोलीभाषेकडे शास्त्रीय नजरेने पाहणारी अभ्यासकांची पिढी घडली. तिकडे 1957 मध्ये सोव्हिएत स्पुटनिक अवकाशात गेल्यावर अमेरिकेने पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. त्यातून आशियाई भाषांच्या अध्यापनाला सरकारी पैसा मिळू लागला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डब्ल्यू. नॉर्मन ब्राऊन यांच्या पुढाकाराने 1961 मध्ये अनेक विद्यापीठांनी मिळून ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ स्थापन केली. तिचे भारतातील काम डेक्कन कॉलेजातून सुरू झाले. मुख्यालय पुढे दिल्लीकडे गेले, पण मराठीचे वर्ग पुण्यातच राहिले.

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वाट उघडली ती अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील महाविद्यालयांच्या संघाने. कार्लटन, ग्रिनेल, बेलॉइट अशी लहान महाविद्यालये या संघात होती. विद्यार्थी पुण्यातल्या कुटुंबांत राहत, मराठी शिकत आणि आपापल्या विषयावर छोटा प्रकल्प करत. सकाळी वर्गात शिकलेले वाक्य संध्याकाळी घरच्या मंडळींसमोर बोलून पाहता येई.

अडचणी ठरावीक असत. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ लिहायला एक, उच्चाराला वेगळा. ‘त’ आणि ‘ट’ इंग्रजी कानाला सारखेच वाटतात. ‘मुलगा आंबा खातो’ सोपे वाटते, पण ‘मुलाने चिंच खाल्ली’ म्हणताना क्रियापद मुलाला सोडून चिंचेमागे जाते. ‘मला भूक लागली’ यात भूक लागलेला माणूस वाक्याचा कर्ता नसतो. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की आत येतो. तू, तुम्ही, आपण यांतली निवड तर घरात राहिल्याशिवाय नीट कळत नाही.

या अडचणी सोडवणारी पाठ्यपुस्तके फलटणला तयार झाली. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी 1960 च्या दशकात फलटणमधील बोलीभेदांचा अभ्यास केला आणि त्यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर फलटणलाच राहत. दोघींनी मिळून मराठीचे संदर्भ-व्याकरण, मूलभूत मराठी-इंग्रजी कोश आणि श्रेणीवार वाचनपुस्तके रचली. व्याकरण आणि कोश 1975 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने प्रकाशित केले. छापील मराठीसोबत प्रत्यक्ष बोलली जाणारी मराठी त्यांत नोंदलेली असल्याने परदेशी विद्यार्थ्यांना त्यांचा दीर्घकाळ आधार झाला. बर्नसन यांनी या विद्यार्थ्यांना अनेक वर्षे मराठी शिकवली.

या शिक्षणाचे फळ महाराष्ट्रालाही मिळाले. कार्लटन महाविद्यालयात 1969 ते 1997 या काळात इतिहास शिकवणाऱ्या एलिनॉर झेलिअट यांनी आंबेडकरी चळवळीवर मूलगामी संशोधन केले आणि दलित साहित्याची ओळख इंग्रजी वाचकांना करून दिली. मराठी वाचता-बोलता आल्यानेच त्यांना चळवळीतल्या माणसांशी थेट संवाद साधता आला. झेलिअट आणि बर्नसन यांनी संपादित केलेला महाराष्ट्रातील धर्मजीवनावरचा लेखसंग्रह 1988 मध्ये निघाला.

बर्नसन यांनी 1978 मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले. फलटणच्या वस्तीतल्या मुलांना शाळेत जाऊनही वाचता येत नाही हे पाहून त्यांनी 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली. पुढे कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. ज्यांच्या नावाने ती चालते त्या कमला निंबकरही जन्माने अमेरिकी होत्या. परक्यांना मराठी शिकवताना बर्नसन यांनी ध्वनी, अक्षर आणि अर्थ यांच्या नात्याचा बारकाईने विचार केला होता. तोच विचार आता मराठी मुलांना वाचते करण्याच्या कामी आला.